वेष्टनावरच्या एका ओळीसाठी

अमेरिकेत जनुकीय फेरबदल केलेल्या अन्नावर वेगळं लेबल लागणार नाही, हे १९९२च्या मे महिन्यात ठरलं. ठरवताना लोकांचं मत घेतलं गेलं नव्हतं. उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी वॉशिंग्टनमध्ये ते धोरण जाहीर केलं. उद्योगांवरचा नियमांचा भार हलका करण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीचे ते प्रमुख होते, म्हणजे लोकांच्या ताटाविषयीचा हा निर्णय उद्योगधोरणाच्या दारातून बाहेर आला. त्यामागची अन्न व औषध प्रशासनाची भूमिका अशी होती: बियाण्यात जनुक कोणत्या मार्गाने आणलं याला महत्त्व नाही. हाती आलेलं धान्य जुन्या धान्यासारखंच असेल, तर ग्राहकाला वेगळं काही सांगण्याचं कारण नाही.

या भूमिकेत एक अट दडलेली होती. खाणाऱ्याला सांगायचं असेल तर आधी धोका सिद्ध व्हायला हवा. पुढची २४ वर्षं अमेरिकेतल्या राज्यांमध्ये मतपेट्यांवर, न्यायालयांत आणि शेवटी संसदेत जे भांडण झालं, ते या एका अटीशी होतं. वरून ते बियाणं चांगलं की वाईट असं दिसे. माझ्या मते ते तसं नव्हतं. आपण काय खातो हे विचारायला माणसाला कारण द्यावं लागतं का, एवढाच तो प्रश्न होता.

सुरुवात मात्र मोकळेपणाने झाली होती. १९९४मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावच्या कॅल्जीन कंपनीने 'फ्लेव्हर सेव्हर' नावाचा टोमॅटो बाजारात आणला. तो पिकल्यावर लवकर मऊ पडत नसे. कायद्याने सांगितलं नसतानाही कंपनीने तो कसा तयार केला ते ग्राहकांना सांगून विकला, आणि लोकांनी तो घेतला. पुढे तो बंद पडला, पण त्याचं कारण उत्पादनाचा आणि वाहतुकीचा खर्च हे होतं. इंग्लंडमध्ये १९९६पासून अशाच टोमॅटोच्या गराचे डबे दोन मोठ्या दुकानसाखळ्यांत ठळक लेबल लावून ठेवले गेले. साध्या डब्यापेक्षा ते स्वस्त होते आणि चांगले खपले.

मग १९९६मध्ये सोयाबीन आणि मका आले, आणि सगळं बदललं. टोमॅटो डोळ्यांना दिसतो, हातात घेता येतो. तणनाशक सहन करणारं सोयाबीन आणि कीड मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारा मका शेतातून निघून कोठारात इतर धान्यात मिसळतो. तिथून तो तेल, लेसिथिन, स्टार्च, गोड पाक अशा रूपांनी बिस्किटांत, सूपमध्ये, सॉसमध्ये, लहान मुलांच्या डब्यात जातो. विकत घेणाऱ्याला यातलं काही कळण्याचा मार्ग नव्हता. २०१२पर्यंत अमेरिकेत पेरलेल्या सोयाबीनपैकी ९३ टक्के आणि मक्यापैकी ८८ टक्के क्षेत्र अशा वाणांचं झालं होतं. इतका मोठा बदल जेवणात झाला आणि त्याचा एक शब्दही वेष्टनावर आला नाही.

युरोपने दुसरा रस्ता धरला. तिथे गाईंच्या 'मॅड काऊ' रोगाच्या प्रकरणाने सरकारी तज्ज्ञांच्या शब्दावरचा विश्वास ढासळला होता. १९९७-९८मध्ये युरोपीय संघाने लेबलाचे पहिले नियम केले आणि २००४पासून ते कडक केले. घटकात ०.९ टक्क्यांहून जास्त अंश असेल तर लिहायचंच. तेलात जनुकाचा मागमूस उरला नसेल तरी लिहायचं, कारण शेतापासून बाटलीपर्यंतची कागदपत्रं सांभाळणं व्यापाऱ्यावर बंधनकारक केलं होतं. जपान, ऑस्ट्रेलिया, चीन यांनीही याच सुमाराला आपापले नियम केले. गंमत अशी नाही, दुःख असं की ज्या कंपन्या अमेरिकेत लेबल अशक्य आहे म्हणत होत्या, त्यांतल्या कित्येक त्याच काळात या देशांत लेबलाचे नियम पाळून माल विकत होत्या.

सप्टेंबर २०००मध्ये अमेरिकेत एक गोष्ट उघडकीला आली. 'स्टारलिंक' नावाचा मका केवळ जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर होता. तो माणसांच्या टाको शेल्समध्ये सापडला आणि दुकानांतून माल परत मागवावा लागला. कोठारात जनावरांचं धान्य वेगळं ठेवलं जातं हा भरवसा तिथे तुटला. दोन वर्षांनी ओरेगॉन राज्यातल्या लोकांनी हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर नेला.

अमेरिकेतल्या काही राज्यांमध्ये, विशेषतः पश्चिमेकडच्या, नागरिकांना स्वतः कायदा मांडता येतो. ठरावीक सह्या गोळा करायच्या, मग तो प्रस्ताव निवडणुकीच्या मतपत्रिकेवर येतो आणि लोकांनी हो म्हटलं की कायदा होतो. ओरेगॉनने ही सोय १९०२मध्ये केली, कॅलिफोर्नियाने १९११मध्ये. कॅलिफोर्नियात ती आणणारे गव्हर्नर हायरम जॉन्सन सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या मुठीतून विधिमंडळ सोडवायला निघाले होते. बड्या कंपनीने आमदार खिशात घातले तर लोकांना त्यांच्या डोक्यावरून कायदा करता यावा, हा त्यामागचा हेतू. शंभर वर्षांनी त्याच साधनावर कंपन्यांचा पैसा चाल करून आला.

ओरेगॉनचा २००२चा प्रस्ताव क्रमांक २७ हा देशातला असा पहिला. त्याची व्याप्ती फार मोठी होती, हॉटेलात वाढलेलं जेवणसुद्धा त्यात येत होतं. समर्थकांकडे सुमारे २ लाख डॉलर होते, विरोधकांनी ५० लाखांहून अधिक खर्च केले. दर कुटुंबाचा किराणा शेकडो डॉलरनी महागेल ही जाहिरात दिवसरात्र चालली. दहापैकी सात मतं विरोधात गेली. त्यानंतर दहा वर्षं कोणत्याही राज्यात असा प्रस्ताव मतदानाला आला नाही.

दहा वर्षांनी तो आला कॅलिफोर्नियात, आणि आणला तो कोणत्याही संस्थेने नव्हे. चिको गावातल्या एका आजीने ठरवलं की हे व्हायला हवं, आणि ती एकटी राज्यभर फिरून माणसं जोडू लागली. २०१२च्या वसंत ऋतूत दहा आठवड्यांत स्वयंसेवकांनी जवळपास १० लाख सह्या जमवल्या. गरज होती पाच लाखांच्या थोड्या वरची. ६ नोव्हेंबर २०१२ला ज्या मतपत्रिकेवर ओबामा आणि रॉम्नी यांची नावं होती, तिच्यावरच प्रस्ताव क्रमांक ३७ आला.

प्रस्ताव वाचायला सोपा होता. दुकानातल्या ज्या मालात जनुकीय फेरबदल केलेला घटक असेल, त्यावर तसं लिहायचं, आणि अशा प्रक्रिया केलेल्या मालाची 'नैसर्गिक' म्हणून जाहिरात करायची नाही. हॉटेलातलं जेवण, दारू, आणि असं खाद्य खाल्लेल्या जनावरांचं मांस व दूध यांना सूट होती. नियम मोडल्यास सामान्य नागरिकालाही न्यायालयात जाता येत होतं. सप्टेंबरमधल्या एका मोठ्या जनमत चाचणीत ६१ टक्के लोक बाजूने आणि २५ टक्के विरोधात होते.

मग जाहिराती सुरू झाल्या. विरोधकांनी सुमारे ४.६ कोटी डॉलर ओतले. एकट्या मॉन्सँटो या बियाणे कंपनीने ८१ लाखांच्या आसपास दिले, ड्यूपाँने ५४ लाखांच्या. पेप्सिकोसारख्या पेय आणि खाद्य कंपन्याही रांगेत होत्या. समर्थकांकडे ९० लाखांच्या जवळपास होते. त्यांतले बरेचसे सेंद्रिय मालाच्या आणि आरोग्य-उत्पादनांच्या व्यापाऱ्यांचे होते, हेही सांगायला हवं, कारण लेबल लागलं तर त्यांचा माल जास्त खपणार होता.

विरोधकांच्या जाहिराती हुशारीने केलेल्या होत्या. 'तुम्हाला जाणण्याचा हक्क नाही' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हा कायदा वाईट लिहिला आहे. सोयादुधावर लेबल आणि गाईच्या दुधावर नाही. कुत्र्याच्या खाद्यातल्या मांसावर लेबल आणि माणसाच्या ताटातल्या मांसावर नाही. वकिलांची चांदी होईल. कुटुंबाला वर्षाला ४०० डॉलरचा भुर्दंड बसेल. हा ४०० डॉलरचा आकडा विरोधकांनीच करवून घेतलेल्या अभ्यासातला होता. राज्याच्या स्वतंत्र विश्लेषक कार्यालयाने सरकारी खर्चाचा अंदाज दिला होता तो संपूर्ण राज्यासाठी वर्षाला काही लाख ते १० लाख डॉलरच्या थोडा वर. आणि मांस-दुधाची सूट? युरोपच्या नियमातही ती तशीच आहे. सूट ठेवली नसती तर याच लोकांनी गवळ्यांना पुढे करून जाहिरात केली असती, याबद्दल मला शंका नाही.

एका जाहिरातीत हेन्री मिलर नावाचे तज्ज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इमारतीसमोर उभे राहून बोलत होते आणि पडद्यावर त्यांची ओळख स्टॅनफर्डचे डॉक्टर अशी दिली होती. ते विद्यापीठाच्या आवारातल्या हूव्हर संस्थेत संशोधक होते. विद्यापीठाने आक्षेप घेतल्यावर जाहिरात बदलावी लागली. तोवर ती लाखो घरांत पोहोचली होती.

समर्थकांची बाजूही स्वच्छ नव्हती. त्याच सप्टेंबरात फ्रान्समधले संशोधक सेरालिनी यांचा जनुकीय मका खाऊ घातलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांची छायाचित्रं प्रचारात फिरू लागली. प्रयोगातल्या उंदरांची संख्या तोकडी होती आणि त्या जातीच्या उंदरांना म्हातारपणी गाठी येतातच. पुढच्या वर्षी तो छापणाऱ्या नियतकालिकानेच शोधनिबंध मागे घेतला. भीतीचा आधार घेऊन समर्थकांनी आपलाच मुद्दा कमकुवत केला, असं मला वाटतं. जाणण्याच्या हक्कासाठी गाठ आलेला उंदीर लागत नाही. पण १९९२ची ती अट सगळ्यांच्या डोक्यात इतकी बसली होती की हक्क मागणारेही धोका सिद्ध करण्याच्या मागे लागले, आणि तिथे त्यांच्यासमोर विज्ञानसंस्था उभ्या होत्या. ऑक्टोबरमध्ये अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेच्या संचालक मंडळाने सक्तीच्या लेबलाविरुद्ध निवेदन काढलं. राज्यातल्या बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनीही अग्रलेख लिहून नाही म्हणा असं सांगितलं.

ऑक्टोबर संपता संपता त्याच चाचणीत ४४ विरुद्ध ४२ असं चित्र होतं. निकाल लागला तेव्हा ५१.४ टक्के नाही आणि ४८.६ टक्के हो. सॅन फ्रान्सिस्को आणि त्याच्या भोवतालचा किनारा हो म्हणाला, शेतीचा मध्य खोऱ्याचा पट्टा नाही म्हणाला. तरीही ६० लाखांहून अधिक माणसांनी लेबल मागितलं होतं.

पुढच्या वर्षी पाळी वॉशिंग्टन राज्याची होती. तिथे सामन मासा, सफरचंद आणि गहू या लोकांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टी, आणि तिन्हींचे जनुकीय अवतार प्रयोगशाळेतून बाहेर पडायच्या बेतात होते. मे २०१३मध्ये शेजारच्या ओरेगॉनमधल्या एका शेतात मंजुरी नसलेला तणनाशकसहिष्णू गहू उगवलेला सापडला आणि जपानने त्या भागातल्या गव्हाची खरेदी थांबवली. निर्यातीवर जगणाऱ्या गहू उत्पादकांना यातला धोका कळायला वेळ लागला नाही. सप्टेंबरमध्ये तीनपैकी दोन मतदार प्रस्ताव क्रमांक ५२२च्या बाजूने होते. मग २.२ कोटी डॉलरची विरोधी मोहीम आली. त्यात राज्यातल्या रहिवाशांचा वाटा हजार डॉलरचाही नव्हता. ५१ विरुद्ध ४९ असा तोही प्रस्ताव पडला.

या निवडणुकीतून निघालेली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियात ज्या कंपन्यांची नावं देणगीदार म्हणून उघड झाली, त्यांच्यावर ग्राहक भडकले होते, बहिष्काराची भाषा झाली होती. म्हणून वॉशिंग्टनमध्ये ग्रोसरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या व्यापारी संघटनेने सभासद कंपन्यांकडून एका वेगळ्या खात्यात पैसे घेतले आणि १ कोटी १० लाखांच्या आसपास रक्कम संघटनेच्या एकाच नावाने दिली. राज्याचे महाधिवक्ता बॉब फर्ग्युसन यांनी मतदानाच्या तोंडावर खटला भरला. तेव्हा नावं बाहेर आली: पेप्सिको, नेस्ले, कोका-कोला सर्वांत पुढे. २०१६मध्ये न्यायालयाने संघटनेला १.८ कोटी डॉलर दंड केला. अपिलं होत होत जानेवारी २०२२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. विचार करा: आपल्या मालात काय आहे हे लोकांना कळू नये यासाठी खर्च केलेला पैसा कुणाचा आहे, हेही लोकांना कळू नये यासाठी ती व्यवस्था केली होती.

२०१४मध्ये कोलोरॅडो आणि ओरेगॉन ही दोन राज्यं एकाच दिवशी मतदानाला गेली. कोलोरॅडोत समर्थकांकडे पैसाच नव्हता, तिथे साधारण ६५ टक्के मतं विरोधात पडली. ओरेगॉनची गोष्ट वेगळी होती. बारा वर्षांपूर्वी सात विरुद्ध तीन असं नाही म्हणालेलं ते राज्य या वेळी जवळजवळ मधोमध दुभंगलं. पोर्टलंड शहर एका बाजूला, पूर्वेकडचे शेतीचे जिल्हे दुसऱ्या. विरोधकांनी २ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, समर्थकांनी सुमारे ८० लाख. राज्याच्या इतिहासात तोवर एवढा महाग प्रस्ताव झाला नव्हता.

ओरेगॉनमध्ये मतदान टपालाने होतं. मतदार घरी मतपत्रिका भरतो, पाकिटावर सही करतो, ती सही नोंदीतल्या सहीशी जुळली तरच पाकीट उघडलं जातं. ४ नोव्हेंबरच्या रात्री प्रस्ताव क्रमांक ९२ मागे होता, पण उरलेली पाकिटं उघडत गेली तसतसं अंतर घटत गेलं. फरक इतका कमी राहिला की कायद्यानुसार आपोआप फेरमोजणी लागली आणि डिसेंबरात जिल्ह्याजिल्ह्यांत मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजल्या गेल्या. सही जुळत नाही म्हणून सुमारे ४,६०० मतपत्रिका बाजूला ठेवल्या होत्या. त्या मोजाव्यात म्हणून समर्थक न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी नकार दिला. अखेरचा आकडा असा होता: ७,५२,७३७ हो, ७,५३,५७४ नाही. १५ लाखांतून ८३७ मतांनी प्रस्ताव पडला.

चार राज्यांत मिळून पाच वेळा लोकांपुढे हा प्रश्न आला आणि पाचही वेळा हरला. लोकांना हे नकोच होतं असा अर्थ काही जण काढतात. तो मला पटत नाही. बहुतेक वेळा सुरुवातीला बहुमत बाजूने होतं आणि मतदान जवळ येता येता ते गळालं. शंका आली की मतदार नाही म्हणतो, आणि शंका विकत घेता येते.

ज्या राज्यात हा लढा अखेर जिंकला गेला, तिथे असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणण्याची सोयच नाही. व्हरमाँट हे जेमतेम सव्वासहा लाख वस्तीचं, दूध-चीजवर जगणारं डोंगराळ राज्य. तिथे दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव सभा भरते आणि गावाच्या अंदाजपत्रकापासून रस्त्यापर्यंतचे ठराव हात वर करून होतात. आपल्या ग्रामसभेने कागदावरच्या कायद्याइतकं काम खरंच केलं तर ती जशी दिसेल, तशी ही सभा. २००२ ते २००४च्या सुमाराला डझनावारी गावांनी तिथे लेबलाच्या बाजूचे ठराव केले होते. त्यांना कायद्याचं बळ नव्हतं, पण आमदारांनी ते ऐकले.

आणि व्हरमाँटला एक जुना घाव होता. गाईला जास्त दूध यावं म्हणून दिलं जाणारं कृत्रिम संप्रेरक १९९४मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्या दुधावर तसं लेबल लावायचा कायदा या राज्याने केला होता. दूध उद्योग न्यायालयात गेला. १९९६मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने कायदा रोखला. केवळ ग्राहकाला कुतूहल आहे म्हणून उत्पादकाला बोलायला भाग पाडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. गोठ्यांच्या राज्यात लोकांना आपल्या दुधाविषयी विचारण्याचा हक्क कुतूहलाच्या पातळीवर नेऊन ठेवला गेला.

म्हणून या वेळी आमदारांनी फार काळजीने काम केलं. महिनोन् महिने साक्षी घेतल्या, आरोग्य, तणनाशकं, शेती, धर्मश्रद्धा अशी राज्याच्या हिताची कारणं कायद्याच्या मजकुरातच लिहून ठेवली, आणि खटला होणारच हे धरून बचावासाठी १५ लाख डॉलरपर्यंतच्या निधीची तरतूद केली. सिनेटमध्ये २८ विरुद्ध २ आणि प्रतिनिधीगृहात ११४ विरुद्ध ३० मतांनी कायदा मंजूर झाला. ८ मे २०१४ला गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी मॉन्टपेलियरच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्यावर सही केली. कनेक्टिकट आणि मेन या राज्यांनीही कायदे केले होते, पण शेजारच्या राज्यांनी केला तरच आमचा लागू, अशी अट घालून. व्हरमाँटने कुणाची वाट पाहिली नाही. १ जुलै २०१६पासून लेबल लागू, एवढंच लिहिलं.

जूनमध्ये उद्योगांनी खटला भरला. एप्रिल २०१५मध्ये न्यायाधीश क्रिस्टिना रीस यांनी कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला. आता कंपन्यांपुढे अडचण होती. सव्वासहा लाख लोकांसाठी वेगळं वेष्टन छापून ते नेमकं त्याच राज्यात पोहोचवणं परवडणारं नव्हतं. जानेवारी २०१६मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीने फळी सोडली आणि देशभर सक्तीचं लेबल असावं अशी मागणी केली. लेबलामुळे आमच्या मालाची किंमत वाढणार नाही, असंही कंपनीने सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या ४०० डॉलरचं उत्तर अशा रीतीने उद्योगाच्याच तोंडून मिळालं. मार्चमध्ये जनरल मिल्स, मार्स, केलॉग, कॉनॲग्रा यांनी देशभरच्या वेष्टनांवर लेबलाची ती ओळ छापायचं जाहीर केलं.

दुसरीकडे संसदेत धावपळ चालली होती. राज्यांना असे कायदे करायला बंदी घालणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै २०१५मध्ये २७५ विरुद्ध १५० मतांनी मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये ते मार्च २०१६ला अडलं. मग कॅन्ससचे रिपब्लिकन पॅट रॉबर्ट्स आणि मिशिगनच्या डेमोक्रॅट डेबी स्टॅबेनो यांनी तडजोड काढली. एक धान्याच्या राज्याचे, दुसऱ्या शुगर बीटच्या राज्याच्या. देशभर माहिती देणं सक्तीचं, पण ती शब्दांत द्यायची, चिन्हाने द्यायची, की मोबाइलने वाचायच्या चौकोनी कोडमध्ये, हे कंपनीने ठरवायचं. राज्यांचे कायदे रद्द. सेंद्रिय मालाच्या प्रमुख व्यापारी संघटनेने या तडजोडीला पाठिंबा दिला आणि चळवळ दुभंगली. ६ जुलैला सिनेटमध्ये मतदान चालू असताना आंदोलकांनी प्रेक्षक सज्जातून खाली डॉलरच्या नोटा फेकल्या. दुसऱ्या दिवशी विधेयक ६३ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झालं, त्यानंतर प्रतिनिधीगृहात ३०६ विरुद्ध ११७, आणि २९ जुलैला ओबामांनी सही केली. व्हरमाँटचा कायदा चार आठवडे जगला.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा मोठा अहवाल आला होता. जनुकीय पिकांपासूनच्या अन्नाने माणसाच्या प्रकृतीला जास्त धोका असल्याचा भक्कम पुरावा समितीला मिळाला नव्हता. त्याच अहवालात हेही म्हटलं होतं की लेबलाचा प्रश्न केवळ तांत्रिक तपासणीने सुटणारा नाही, त्यात समाजाच्या आणि अर्थकारणाच्या निवडी गुंतलेल्या आहेत. वीस वर्षं दोन्ही बाजूंनी विज्ञानाकडून जे उत्तर मागितलं, ते देणं आपलं काम नव्हे असं विज्ञानानेच सांगितलं. ही ओळ २०१२मध्ये लिहिली गेली असती तर कॅलिफोर्नियातला वाद कदाचित वेगळ्या पातळीवर झाला असता.

राष्ट्रीय कायद्याचे नियम कृषी खात्याने डिसेंबर २०१८मध्ये केले आणि ते १ जानेवारी २०२२पासून सक्तीचे झाले. त्यात चुकून मिसळलेल्या अंशाला ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, युरोपात ती ०.९ आहे. शुद्ध केलेल्या तेलात किंवा साखरेत जनुक सापडत नसेल तर त्यांना लेबलातून सूट दिली गेली, म्हणजे ज्या रूपांत हा मका, सोयाबीन आणि शुगर बीट सर्वांत जास्त खाल्ले जातात तीच रूपं सुटली. कृषी खात्याने स्वतः करवून घेतलेल्या २०१७च्या पाहणीत बहुतेक ग्राहकांना ते चौकोनी कोड वापरताना अडचणी आल्या होत्या, तरी तो पर्याय ठेवला गेला. सप्टेंबर २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने नियमाचा तो भाग बेकायदा ठरवला. दुकानात उभ्या असलेल्या बाईने हातातलं बाळ सावरत मोबाइल काढून एकेक पाकीट तपासावं, अशी अपेक्षा करणाऱ्यांना तिने ते वाचावं अशी इच्छा नव्हती, एवढंच यावरून दिसतं.

आणि लेबल लागलं तर लोक घाबरतील, माल पडून राहील, ही जी भीती कोट्यवधी डॉलर खर्चून जपली गेली, तिचं काय झालं? व्हरमाँटमधली ती ओळ अनेक वेष्टनांवर कायद्याच्या मरणानंतरही राहिली, त्यामुळे ते तपासता आलं. जेन कोलोडिन्स्की आणि जेसन लस्क या दोन संशोधकांनी व्हरमाँट आणि उर्वरित देशातल्या लोकांची मतं लेबलाच्या आधी आणि नंतर मोजली. २०१८मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: लेबल दिसू लागल्यावर व्हरमाँटमध्ये जनुकीय अन्नाला असलेला विरोध बाकी देशाच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाला. सांगितलं की माणसं निवांत होतात. लपवलं की संशय धरतात.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. कॅलिफोर्नियात सह्या गोळा होऊन मतदानाची तयारी चालली होती त्याच काळात, ५ जून २०१२ला, भारत सरकारने वजनमापांच्या नियमांत दुरुस्ती करून असं अन्न असलेल्या प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूला 'जीएम' ही अक्षरं छापायला सांगितलं. १ जानेवारी २०१३पासून ते लागू झालं. मतदान नाही, जाहिरात नाही, चर्चाही जवळजवळ नाही. ती अक्षरं छापलेलं पाकीट मी आजवर कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही. कीड मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२मध्ये परवानगी मिळाली तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्याच्या सरकीचं तेल खाण्यात जातं आणि पेंड गाईम्हशींच्या दावणीत जाते. बीटी वांग्याच्या परवानगीचा प्रश्न आला तेव्हा, २०१०च्या सुरुवातीला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूर होतं, आणि शेतकऱ्यांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे तिथे तावातावाने बोलले. तेलाबद्दल अशी सुनावणी कधी झाली नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१मध्ये जनुकीय अन्नाच्या नियमांचा मसुदा काढला तेव्हा त्यात १ टक्क्याची मर्यादा आणि लेबलाची तरतूद होती. अशा मसुद्यांवर नागरिकांकडून लेखी हरकती मागवल्या जातात आणि त्या पाठवायला पैसे पडत नाहीत. पुढचा मसुदा येईल तेव्हा ग्राहक संघटनांनी आणि आपण प्रत्येकाने दोन गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात: माहिती वेष्टनावरच, वाचता येईल अशा अक्षरांत असावी, आणि तेल त्यातून सुटू नये.